कप्तानावरचा खटला

साहेबांचा शर्ट टेबलावर आला की वहिनी इस्त्रीची उष्णता मुद्दाम कमी करायच्या. शर्टाची काळजी होती असं नाही. हाताचा भरवसा नव्हता. पाठीवर, अगदी मधोमध, इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग उठवायला असा कितीसा वेळ लागतो? पण असला सूड म्हणजे चिल्लर. शर्ट जळला की माणूस दुसरा शर्ट घेतो. वहिनींना साहेबांचं असं काहीतरी जाळायचं होतं, जे दुकानात मिळत नाही.

साहेब वसाहतीत परत आले होते. मुलाकडे, दूरच्या शहरात, बरीच वर्षं काढून झाल्यावर सुनेशी बिनसलं म्हणे, आणि स्वारी आपल्या जुन्या घरात येऊन दाखल. कागद कारखाना कधीच बंद पडला होता, पण त्याची वसाहत उभी होती, आणि तिच्यातली जुनी माणसं अजून या माणसाला साहेबच म्हणत. पहिल्याच आठवड्यात ते कपड्यांचं गाठोडं घेऊन वहिनींच्या दुकानासमोर उभे राहिले.

"ओळखलंत का?" त्यांनी हसून विचारलं.

"न ओळखायला काय झालं?" वहिनी म्हणाल्या. "उद्या संध्याकाळी मिळतील."

वहिनींचा नवरा त्या कारखान्यात बॉयलरवर होता. त्याला सगळे शिट्टी म्हणत, कारण पाळीचा भोंगा बिघडला की तो दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ घालायचा की गोदामातली कबुतरं उडायची. या वसाहतीत टोपणनावाशिवाय कुणी नव्हतंच. हजेरीला बिल्ल्याचा नंबर आणि बाकी सगळीकडे टोपणनाव, यावर माणसांची आयुष्यंच्या आयुष्यं निघाली.

त्या काळी दर शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर 'दूरची नौका' लागायची आणि टीव्ही होता फक्त साहेबांकडे. अर्धी वसाहत त्यांच्या बैठकीत जमायची. शिट्टी दारापाशी फरशीवर बसायचा, वहिनी त्याच्या मागे, मांडीवर लेक. काय ती मालिका! यानातल्या यंत्रांवरची बटणं म्हणजे सरळ सरळ बाटल्यांची झाकणं, आणि नौका कुठल्याही ग्रहावर उतरो, तिथे तोच एक खडक, कधी डावीकडून दाखवलेला, कधी उजवीकडून. तरी सगळे श्वास रोखून बघत. शिट्टीला यानाचा यंत्री फार आवडायचा. "हा आपला माणूस," तो म्हणायचा. "बाकीचे नुसते खिडकीतून तारे बघतात, काम हा एकटा करतो."

आणि मग तो अपघात झाला. कागदाची मोठी मागणी आली होती, वाफ पुरत नव्हती. बॉयलरला एक झडप असते, आत दाब फार वाढला की ती आपोआप उघडते आणि वाफ बाहेर सोडते. ती सारखी उघडत होती, म्हणून साहेबांनी शिट्टीला सांगितलं, तारेने बांधून टाक. शिट्टीने बांधली. पहाटे नळ फुटला, दोघं भाजले, त्यातल्या एकाचा उजवा हात कायमचा कामातून गेला. तेव्हापासून वसाहत त्याला डावरा म्हणू लागली. चौकशी बसली तेव्हा साहेब इस्त्रीचा कोट घालून उभे राहिले आणि म्हणाले, "मी असं काही सांगितलेलं नाही. याने स्वतःच्या अकलेने केलं." झालं. शिट्टीची नोकरी गेली, साहेबांना बढती मिळाली.

नोकरी गेल्याचं शिट्टीला फारसं वाटलं नाही. दोघांनी मिळून इस्त्रीचं दुकान टाकलं, ते चाललंही. पण डावरा रस्त्यात समोरून आला की मान फिरवून जायचा, आणि शिट्टी घरी येऊन तेच एक वाक्य बोलायचा, "मला सांगितलं म्हणून मी बांधली गं." बायकोला सांगायचा, भिंतीला सांगायचा. शीळ बंद झाली, शनिवारची मालिका बंद झाली, आणि एके वर्षी छातीत कळ येऊन माणूसही गेला. शेवटपर्यंत वसाहतीच्या लेखी तो दोन माणसांना भाजणारा निष्काळजी इसमच राहिला. वहिनींनी त्या दिवसापासून एकच गोष्ट पोटात धरून ठेवली होती. हे वाक्य साहेबांच्या तोंडून सगळ्यांसमोर वदवायचं. मी सांगितलं होतं, असं. त्याहून कमी काही नको.

संधी मिळाली ती त्या मालिकेमुळेच. वसाहतीच्या मंडळाच्या चिटणिसाला कुठूनतरी 'दूरची नौका'चे सगळे भाग मिळाले. या चिटणिसाला बैठकीत पितळी घंटी वाजवून लोकांना गप्प करायची भारी हौस, म्हणून त्याचं नाव घंटी. त्याने मंडळाच्या खोलीत दर शनिवारी एक भाग दाखवायला सुरुवात केली. पडदा म्हणजे पांढरी चादर. तिला इस्त्री अर्थातच वहिनींची.

भाग संपला की चर्चा, आणि चर्चा म्हणजे खटला. ही प्रथा मंडळाचीच. त्या दिवशीच्या भागात ज्याने काही वादग्रस्त केलं असेल त्याला आरोपी करायचं. कुणीतरी आरोपीच्या खुर्चीत बसायचं आणि त्या पात्राची बाजू मांडायची, पण नियम असा की 'तो' म्हणायचं नाही, 'मी' म्हणायचं. मी हिरव्या लोकांशी तह का केला. मी यंत्रमानवाचं डोकं का काढलं. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे आणि शेवटी हात वर करून निकाल. साहेब आले आणि आरोपीची खुर्ची त्यांचीच झाली. कप्तानाचं काम तर दुसऱ्या कुणी करायचंच नाही. आवाज भारदस्त, बोलणं गोळीबंद, शिवाय त्या मालिकेतलं सगळं तोंडपाठ. ज्या स्वयंपाक्याला एका भागात दोनच वाक्यं होती त्याचं नावसुद्धा साहेब घडाघडा सांगत.

वहिनी जायला लागल्या तेव्हा लेकीने डोक्याला हात लावला. लेक डोळ्यांच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. स्वभावाने बापावर गेलेली, मऊ.

"आई, कशाला जातेस त्या माणसासमोर बसायला? सोड ना आता. बाबा जाऊन किती वर्षं झाली."

"मला मालिका आवडते," वहिनी म्हणाल्या.

"तुला मालिका आवडते? तू तर तेव्हाही झोपायचीस."

"आता झोप येत नाही."

वहिनींनी घाई केली नाही. वाफेच्या माणसाची बायको, दाब कसा धरायचा हे त्यांना शिकवायला नको होतं. सुरुवातीचे खटले त्यांनी मागच्या बाकावर बसून ऐकले. मग साधे साधे प्रश्न विचारू लागल्या. कप्तानसाहेब, तेव्हा तुम्हाला भीती वाटली का? कप्तानसाहेब, तुमच्या हातात तेव्हा काय होतं? साहेब खूश. असले प्रश्न त्यांना आवडत, कारण उत्तर देता देता ते पात्रात शिरत. डोळे मिटून बोलत, ग्रहावरच्या वाऱ्याचं वर्णन करत, जे त्या भागात कुठेच नसे. खोलीभर लोक वा वा करत. वहिनी हरत राहिल्या, मान डोलवत राहिल्या, आणि साहेबांना त्या 'मी'ची चटक लागत गेली. लहान मुलाला साखरेची लागावी तशी.

त्या वाट बघत होत्या 'दोर' नावाच्या भागाची. शिट्टीबरोबर तो पाहिला होता, आणि घरी येताना शिट्टी रस्ताभर कप्तानाला शिव्या घालत होता. नौका बियाणं घेऊन चाललेली असते, वेळ कमी असतो, यानाबाहेरची संदेश पकडणारी तबकडी बिघडते. कप्तान यंत्र्याला बाहेर पाठवतो. दोर तोकडा पडतो. कप्तान म्हणतो, सोड दोर. यंत्री सलाम करतो, दोर सोडतो, तबकडी दुरुस्त करतो आणि काळोखात वाहून जातो. आणि कप्तान खलाशांना सांगतो, त्याने स्वतःच दोर सोडला.

तो शनिवार उजाडला. वहिनींनी दुपारीच दुकान बंद केलं, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. शेजारी डावरा होता. त्याने सवयीप्रमाणे अंग चोरलं.

भाग संपला. यंत्री चादरीवर लहान लहान होत नाहीसा झाला. घंटी वाजली, साहेब खुर्चीत बसले, चष्मा पुसला, डोळे मिटले.

"कप्तानसाहेब," वहिनी उभ्या राहिल्या. "दोर सोडायला कुणी सांगितलं?"

"मी." आवाज खणखणीत. "बाई, नाकारत नाही. पण परिस्थिती बघा. वेळ नव्हता. माल पोचला नसता तर सगळं संपलं असतं."

"सगळं म्हणजे?"

"सगळ्यांच्या पोटावर पाय आला असता. एवढी माणसं माझ्या भरवशावर. वरून मला विचारणा होत होती, सारखी."

"आत किती गरम होतं तेव्हा?"

"विचारू नका. शर्ट अंगाला चिकटला होता."

मागे कुणीतरी हसलं. अंतराळात कसलं गरम, असं पुटपुटलं. वहिनींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा आवाज मऊ झाला, इतका की घंटीने कान पुढे केला.

"मग यंत्री काय म्हणाला?"

"म्हणाला, साहेब, धोका आहे. दोनदा म्हणाला."

"एक मिनिट," घंटी म्हणाला. "भागात तर तो काहीच बोलत नाही. नुसता सलाम करतो."

"बोलू द्या त्यांना," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही काय म्हणालात, साहेब?"

"मी म्हटलं, तू तार घे आणि बांध. सकाळपर्यंत दाब धरला की झालं. जबाबदारी माझी."

"काय बांध?"

"झडप," साहेब म्हणाले.

साहेबांनी डोळे उघडले. आपण काय बोललो हे त्यांना लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं. डावरा उठून उभा राहिला होता, त्याचा वाकडा हात छातीशी.

"कुठली झडप?" डावऱ्याने विचारलं. "साहेब, यानात झडप कुठे होती?"

वहिनींच्या तळपायापासून मस्तकापर्यंत सुखाची एक लाट गेली. इतकं सुख त्यांना आयुष्यात क्वचित झालं होतं, आणि त्याची त्यांना अजिबात लाज वाटली नाही. साहेबांचा चेहरा धुतलेल्या चादरीसारखा पांढरा पडला होता. आता हा खोटं बोलेल, अडखळेल, पळेल, आणि सगळी वसाहत बघेल. बघा, डोळे भरून बघा.

पण साहेब म्हणजे साहेब. त्यांनी चष्मा काढला. हळूच उभे राहिले. आणि बोलले.

"आता लपवून काय करू? झडप मीच बांधायला सांगितली होती. त्या गरिबाने माझं ऐकलं आणि मी चौकशीत त्याच्यावर ढकललं. हे ओझं मी इतकी वर्षं वाहतो आहे. आज तुम्हा सर्वांसमोर, वहिनींसमोर, मी हात जोडतो. मला क्षमा करा."

आवाज नेमक्या जागी कापला. डोळ्यांत पाणी आलं. खरं होतं की काय देव जाणे, पण आलं. आणि वसाहतीने काय करावं? टाळ्या वाजवल्या! आधी घंटीने, मग सगळ्यांनी. कुणी म्हणालं, याला म्हणतात मोठं मन. कुणी म्हणालं, या वयात कबूल करायला वाघाचं काळीज लागतं. डावरा पुढे झाला, त्याने आपला चांगला हात साहेबांच्या खांद्यावर ठेवला आणि तोही रडू लागला. जो शिट्टी मरेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलला नाही, तो.

वहिनी बघत राहिल्या. जे वाक्य ऐकायला त्या इतकी वर्षं जगल्या, ते वाक्य आलं होतं, आणि तेही साहेबांनीच कमावून नेलं. शिट्टीच्या वाट्याला 'त्या गरिबाने' एवढंच. माफीचासुद्धा यांना सत्कार हवा!

"घंटी वाजवा," त्या म्हणाल्या. "माझे प्रश्न संपले नाहीत."

घंटीने गोंधळून वाजवली.

"माफी कुणाची मागितलीत, साहेब?"

"तुमच्या मिस्टरांची. आणि तुमची."

"त्यांचं नाव काय होतं?"

साहेब थांबले. "शिट्टी," ते म्हणाले.

"ते तुम्ही लोकांनी ठेवलेलं. मी नाव विचारते आहे."

साहेबांच्या ओठांची हालचाल झाली. त्यांनी घंटीकडे पाहिलं, घंटीने चादरीकडे पाहिलं. डावऱ्याने मान खाली घातली. खोलीभर माणसं, सगळी जुनी, एकमेकांच्या घरातली मीठमिरची ठाऊक असलेली, आणि एकालाही ते नाव सांगता आलं नाही. शिट्टी होता. शिट्टी गेला. शिट्टीची बायको वहिनी.

"स्वयंपाक्याचं नाव पाठ आहे तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. "दोन वाक्यांच्या स्वयंपाक्याचं."

"वहिनी, तुम्हीच सांगा," साहेब म्हणाले. "मी आत्ता, इथेच, त्यांचं नाव घेऊन पुन्हा म्हणतो."

"नाही सांगणार."

आणि त्या घरी गेल्या. निकालाचे हात त्या शनिवारी वर झालेच नाहीत.

साहेब तिसऱ्या दिवशी दुकानात आले, कपडे न घेता. नाव विचारलं. वहिनींनी उशांचे अभ्रे घडी केले. ते पुन्हा आले. अंदाजाने नावं घेऊ लागले, हे का, ते का. आधी त्यांना वाटलं बाई दोन दिवसांत निवळेल. मग त्यांनी वसाहतभर विचारलं, पण विचारणार कुणाला? कारखान्याचं कार्यालय पाडून तिथे गाड्यांचा तळ झाला होता. टाळ्या वाजवणारेही आता त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघू लागले, कारण साहेब नाव शोधताहेत म्हटलं की प्रत्येकाला आपलीही लाज आठवायची. शनिवारी आरोपीच्या खुर्चीत बसायचं त्यांनी सोडलं. गालफडं बसली. वहिनी हे सगळं बघत होत्या आणि चवीने जेवत होत्या.

"माझे काही फार दिवस राहिले नाहीत, वहिनी," ते एकदा काउंटरला धरून म्हणाले. "माफी अर्धवट राहिली आहे. नावाशिवाय ती त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, असं वाटतं मला."

"त्यांची नोकरी घेताना नाव लागलं नाही," वहिनी म्हणाल्या. "इज्जत घेताना लागलं नाही. माफीलाच कसं लागतं?"

लेकीला हे बघवेना. "आई, सांगून टाक ना. शेवटी बाबांचंच नाव आहे. लोकांच्या तोंडी आलं तर चांगलंच आहे. तू ते त्या माणसापासून लपवतेस, पण सगळ्यांपासूनच लपतंय. त्यात बाबांचं काय भलं झालं?"

लेकीचं म्हणणं खरं होतं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि म्हणून त्या तिच्यावर जास्तच चिडल्या. "तुला कळवळा आला असेल तर तूच सांग जा," त्या म्हणाल्या. "बापासारखीच तू. कुणी सांगितलं की लगेच बांधायला तयार."

लेक दोन दिवस डबा न घेताच कामावर गेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दवाखान्यातून थेट दुकानात आली आणि पिशवी न ठेवता उभी राहिली.

"ते आले होते. डोळे तपासायला."

वहिनींनी इस्त्री उभी केली.

"मी सांगणार होते, आई. खरंच. तसं ठरवूनच गेले होते मी, की आता भेटले तर सांगून टाकायचं. खिडकीशी आले, मला ओळखलं. म्हणाले, पोरी, तुझ्या वडिलांचं नाव सांग, म्हणजे मी एकदाचा मोकळा होतो. मला शांत झोप हवी आहे गं."

"मग?"

"मला, मला, मला. बाबांबद्दल एक शब्द नाही. बाबांना किती वर्षं झोप नव्हती, ते नाही विचारलं." लेकीचा श्वास वर आला होता. "मग त्यांची नजर माझ्या ओळखपत्रावर गेली. माझं पूर्ण नाव आहे ना त्याच्यावर, मधे बाबांचं. चष्मा पुढे घेऊन, खिडकीतून वाकून वाचायला लागले."

"वाचलं?"

"तपासणीआधीचं औषध घातलं होतं डोळ्यांत, पाळीची वाट बघत होते, अक्षरं दिसत नव्हती. म्हणाले, जरा जवळ धर, बाळ."

वहिनींनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"मी ते उलटं फिरवलं," लेक म्हणाली. "आणि त्यांचं नाव, आडनावासकट, मोठ्याने पुकारलं. पुढे चला, म्हटलं." तिने ओढणीने तोंड पुसलं. "आई, मला वाटायचं मी तुझ्यासारखी नाहीये."

वहिनींना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी लेकीच्या हातातली पिशवी काढून घेतली, स्टूल पुढे ओढलं आणि तिला बसवलं. ओळखपत्र अजून तिच्या छातीवर पालथंच होतं. वहिनींनी ते सरळ केलं, आणि मग दुकानाच्या दाराशी जाऊन, बाहेर कुणी नाही असं बघून, नवऱ्याचं नाव एकदा मोठ्याने उच्चारून पाहिलं.